मोजणारा कोण?

आकडे खोटं बोलत नाहीत, असं मला शाळेपासून वाटत आलंय. पण प्रश्न कुणी ठरवले, हे मी कधी विचारलंच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत १९६७ पर्यंत एक कलम होतं: लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरायचं नाही. नंतर ते आकड्यांत आले, पण बहुतेकदा उणिवा म्हणूनच: बेकारी, आजार, तुरुंग.

वायव्य किनाऱ्यावरचं ब्रूम हे शहर यावुरू लोकांच्या भूमीवर आहे. त्यांचा हक्क २००६ मध्ये कोर्टानं मान्य केला. विकास आपण ठरवायचा, तर माहितीही आपली हवी. म्हणून २०११ मध्ये त्यांनी शहरातल्या आदिवासी घरांची पाहणी स्वतःच केली. पुढे ‘मबू लियान’बद्दलही विचारलं: आपली माणसं, आपली भूमी आणि आपण, यांचं नातं नीट असल्याचं आतलं समाधान.

स्वतःच स्वतःला मोजलं, तर ते निष्पक्ष कसं? ही शंका मलाही आली. पण बाहेरचाही कुठेतरी उभा राहूनच बघतो. काय मोजायचं हे ठरवतानाच त्याची बाजू ठरते. फरक इतकाच, की चुकलं तर तो निघून जातो.

मग चुकीच्या आकड्यांची किंमत ज्यांना मोजावी लागते, मोजपट्टी त्यांच्याच हातात का नको?