नादारी की हप्तेबंदी?

मनुष्य आजारी पडला तर शेजारी समाचाराला येतात. त्याचे दिवाळे निघाले तर तेच शेजारी वाट बदलून जातात. पूर्वी ज्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघे तो भरदिवसा आपल्या पेढीवर दिवा लावून ठेवी, असे जुनी माणसे सांगत. दिवा लावण्याची ती चाल गेली. लाज मात्र राहिली. म्हणूनच कर्जात बुडालेला गृहस्थ वकिलाकडे येतो, तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "हप्ते बांधून द्या, काहीही करा, पण नादारी नको." या वाक्यात नीती किती आणि लौकिकाची भीती किती, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा निराळा कायदा आहे. इतरत्र सामान्य ऋणकोसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. पाचशे रुपयांचे कर्ज असून ते फेडण्यास जो असमर्थ आहे, त्याला या कायद्याखाली अर्ज करता येतो. नादारीचा हुकूम झाला की त्याची मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते व धनकोंमध्ये हिश्शेरशीने वाटली जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना मात्र हात लावता येत नाही. पुढे कोर्टाची खात्री झाल्यास ऋणकोची मुक्तता होते. याच कायद्याच्या ३८ व्या कलमात दुसरी वाट आहे. नादार ठरलेल्या ऋणकोने फेडीची योजना मांडावी, संख्येने निम्म्याहून अधिक व रकमेने तीन चतुर्थांश धनकोंनी ती मान्य करावी, आणि कोर्टाने ती मंजूर केली की नादारीचा हुकूम रद्द व्हावा. हप्ता चुकला तर कोर्ट त्याला पुन्हा नादार ठरवू शकते. २०१६ च्या नव्या संहितेतही व्यक्तींसाठी फेडीची योजना आहे. परंतु ती प्रकरणे १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आली ती केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरती. तात्पर्य, लोक ज्यांना परस्परविरोधी मानतात त्या नादारी व हप्तेबंदी कायद्याच्या दृष्टीने एकाच घरातील दोन खोल्या आहेत.

आपल्या परंपरेचा कौल सकृद्दर्शनी हप्तेबंदीकडे आहे. ऋण बुडविणे हे पाप, आणि पित्याचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्म; हे धार्मिक दायित्व न्यायालयेही मानीत आणि २००५ च्या दुरुस्तीने ते पुढील कर्जांपुरते संपले. पण त्याच परंपरेने दामदुपटीचा नियमही घालून दिला : एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. ऋणकोच्या धर्माबरोबर धनकोच्या लोभालाही सीमा हवी, हे शास्त्रकारांना ठाऊक होते.

आपल्या प्रांताचा इतिहासही हेच सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुळांनी सावकारांची घरे व दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा जन्मास आला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले, कोर्टाला हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला, तडजोडीसाठी मध्यस्थ नेमण्याची सोय केली. आणि याच कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीचेही स्वतंत्र प्रकरण घातले. हप्ते सर्वांनाच झेपणार नाहीत, एवढे त्या परक्या सरकारलाही उमगले होते.

येथे आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एक कापडदुकानदार आमच्याकडे आले. कर्ज १४ लाखांचे. धनकोंमध्ये घाऊक व्यापारी होते, एक पतसंस्था होती, आणि त्यांच्या घरी वीस वर्षे स्वयंपाक केलेल्या एक बाई होत्या. आपली पुंजी, ८०,००० रुपये, त्यांनी मालकांपाशी विश्वासाने ठेवली होती. कायद्याप्रमाणे आधी नादारीचा हुकूम झाला. त्यांना तो एक दिवसही सोसवेना. मग आम्ही योजना लिहिली : रुपयामागे सुमारे दहा आणे, ३६ हप्ते, हप्ता सुमारे २५,००० रुपयांचा. घरखर्च जाऊन त्यांच्या हाती महिन्याला ११,००० देखील उरत नव्हते. आम्ही लग्नसराईतील विक्री वर्षभराची सरासरी म्हणून धरली. "निभावेन" असे ते म्हणाले, आणि आम्हीही त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता कागदाकडे पाहिले.

सात हप्ते वेळेवर भरले गेले. आठवा चुकला. पुन्हा नादारीचा हुकूम झाला, तेव्हा ते सात हप्ते कोठून आले होते ते कळले. पत्नीचे दागिने गेले होते, मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली होती, मेहुण्याकडून नवे कर्ज उभे राहिले होते. पतीच्या कर्जासाठी पत्नीच्या स्त्रीधनाला कोणताही रिसीव्हर हात लावू शकत नाही. कायद्याने जे राखले असते ते आमच्या योजनेने खाल्ले. त्या बाईंना सात वेळा चौदाशेच्या आसपास रुपये मिळाले. ते गृहस्थ आम्हांला एवढेच म्हणाले : "वकीलसाहेब, पहिल्यांदा धंदा बुडाला होता. या वेळी शब्द बुडाला."

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, हप्तेबंदी ही जुन्या वचनाची पूर्ती नव्हे. ते एक नवे वचन आहे, आणि म्हणून ते अधिक जड आहे. पहिले कर्ज काढताना मनुष्याला भविष्य अज्ञात असते. पाऊस पडेल, माल खपेल, प्रकृती साथ देईल, अशा आशेवर तो सही करतो. ती आशा खोटी ठरली तरी तो खोटा ठरत नाही. हप्त्याचे वचन देताना मात्र आपली मिळकत किती आणि खर्च किती हे त्याच्यासमोर स्वच्छ मांडलेले असते. तरीही तो न झेपणारा शब्द देत असेल, तर तो धनकोला फसवितो. अब्रूसाठी दिलेला असा शब्द प्रामाणिक नादारीपेक्षा नीतीने हलका आहे.

यावर कोणी म्हणेल की, अशाने लबाडांचे फावेल. शंका रास्त आहे. पण नादारी ही लबाडाची धर्मशाळा नव्हे. फसवणुकीने केलेले कर्ज मुक्ततेनंतरही सुटत नाही. एखाद्या धनकोला झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेली फेड रद्द होऊ शकते. मिळकत रुपयाला आठ आणे भरत नसेल, आणि ही स्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही हे ऋणकोने पटवून दिले नाही, तर कोर्टाला पूर्ण मुक्तता नाकारावी लागते. कायदा त्याला विचारतो : तुझ्याकडे किती उरले, आणि ते का उरले नाही? हा प्रश्न शेजाऱ्यांच्या कुजबुजीपेक्षा कितीतरी न्याय्य आहे.

याचा अर्थ हप्तेबंदी त्याज्य आहे, असा मुळीच नाही. जेथे हप्ता खरोखर झेपतो तेथे ती नादारीहून निःसंशय श्रेष्ठ; कारण नादारीत हिशेब संपतो पण नातेही तुटते, आणि हप्तेबंदीत ऋणको-धनको महिन्यामहिन्याने एकमेकांकडे मान वर करून पाहू शकतात. त्या बाईंसारख्या धनकोला तर लिलावातून येणाऱ्या चार पैशांपेक्षा दरमहा नेमाने येणारी रक्कम मोलाची असते. पण ती नेमाने यावयास हवी.

म्हणून अलीकडे कोणी हप्ते बांधून मागितले की आम्ही त्याला घरी पाठवितो आणि सांगतो : पत्नीसमवेत बसा, वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचा जमाखर्च लिहा, आणि हप्ता त्या महिन्यातून निघतो का ते पाहा. निघत असेल तर या. आम्ही आनंदाने योजना लिहू. निघत नसेल तरीही या. नादारीचा अर्ज लिहिताना आमचा हात आता कचरत नाही.