कावळा उडाल्यावर

तीस वर्षं मी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवला. लक्षण म्हणजे काय, हे सांगायला फळ्यावर गाय काढावी लागे. चित्र इतकं वाईट की पोरं हसत. शिंगं असलेली ती गाय म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. तांबूस ती गाय म्हटलं तर पांढरी बाहेर राहते, ही अव्याप्ती. एकाच खुराची म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. शेवटी उरते ती गळ्याखाली लोंबणारी पोळी.

गेल्या मार्चात मुलीकडे स्कॉटलंडला होतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्या ओहोटीला, तिने फाइफच्या खडकांवर नेलं. मी रत्नागिरीचा, शेवाळ मला नवं नाही. पण हे केल्प म्हणजे पुरुषभर लांबीचे तपकिरी पट्टे, तळाशी मुळांसारखी बोटं. मुळं ती नव्हेतच. खडकाला धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम.

तिथे दोन जाती शेजारी शेजारी होत्या, लॅमिनेरिया डिजिटाटा आणि लॅमिनेरिया हायपरबोरिया. डिजिटाटा म्हणजे बोटंवाली. पण पातं दोघींचंही बोटांसारखं चिरलेलं! नावातच अतिव्याप्ती. मग मला एका देठावर लाल शेवाळ दिसलं. हायपरबोरियाचा देठ खरबरीत, त्यावर ते टिकतं. पण कोवळा देठ उघडाच असतो. अव्याप्ती.

"बाबा, वाकवून बघा," मुलगी म्हणाली. एक देठ गुळगुळीत, वेताच्या छडीसारखा वळला. तो डिजिटाटा. दुसरा कट्‌कन मोडला.

त्या लाल शेवाळावरून शास्त्रातला जुना दाखला आठवला. देवदत्ताचं घर कोणतं? ज्यावर कावळा बसलाय ते. कावळा उडाला तरी घर ओळखलेलं राहतं. शास्त्रात याला तटस्थलक्षण म्हणतात. वेदान्ती जगाची उत्पत्ती-स्थिती-लय हे ब्रह्माचं तटस्थलक्षण मानतात आणि सच्चिदानंद हे स्वरूपलक्षण. आई विठोबाला कमरेवरच्या हातांनी आणि विटेने ओळखायची. मी तिला ऐटीत सांगायचो, हे सगळे कावळे. ती ऐकून घ्यायची आणि तुळस वाहायची.

आता मला उलटं वाटतं. लक्षणाचं काम इतरांपासून वेगळं काढणं. अद्वैतात दुसरं काही नाहीच, मग सच्चिदानंद कशापासून वेगळं काढायचं? असत्, जड, दुःख यांपासून, असं पंडित सांगतात. मीही तेच सांगत आलो, पण हे उत्तर मला कायम चलाखीचं वाटलं. ज्याला खरोखर देवदत्ताकडे जायचंय, त्याला कावळा पुरतो. आई पोचली असेल, तर विटेनेच.

मोडलेला देठ घरी आणला. मुलीने वरचं लाल शेवाळ खरवडून काढलं आणि सुरीने आडवा काप घेतला. आत झाडासारखी वाढीची वलयं होती. चष्मा पुसून मोजली. सात भरली.