दोन बोटं कमी पडणारं दावं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९.

गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. यशोदा दही घुसळतेय, कृष्ण तिच्या मांडीवर दूध पितोय. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं आणि ती त्याला खाली ठेवून धावते. बस्स, एवढ्यावरून बाळाला राग! दह्याचं मडकं फुटतं. यशोदा परत येऊन बघते तर हा पालथ्या उखळावर बसून माकडाला लोणी भरवतोय. ती काठी घेऊन मागे लागते आणि शेवटी पकडते. तो रडतोय, डोळे चोळून काजळ सगळीकडे पसरलंय. लेकरू घाबरलंय हे दिसताच ती काठी टाकून देते आणि त्याला उखळाला बांधायला दावं आणते.

दावं दोन बोटं कमी पडतं. ती दुसरं जोडते. पुन्हा दोनच बोटं कमी. घरातली सगळी दावी संपतात, यशोदा घामाघूम होते, केसांतली फुलं गळून पडतात, आणि अंतर मात्र तेवढंच! शेवटी आई दमली हे बघून कृष्ण स्वतःच बांधला जातो. म्हणून तो दामोदर : ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो.

ही दोन बोटं कसली? परंपरेत याचा एक फार गोड अर्थ सांगतात. एक बोट आईच्या श्रमांचं, दुसरं त्याच्या कृपेचं. श्रम पूर्ण झाल्याशिवाय कृपा उतरत नाही, आणि नुसत्या श्रमांनी गाठ बसत नाही.

हा अध्याय आज निवडला तो एका ताईंच्या मेसेजमुळे. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता लिहितेय. ताई आणि त्यांचे यजमान अमेरिकेत असतात. दोघांनी महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून तीन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. कितीतरी वर्षं वाट पाहिली, कागदपत्रं केली, अखेर लेक घरी आली. त्याला आता नऊ दिवस झालेत. ताई लिहितात, "ती बाबाला चिकटून असते. मी जवळ गेले की मान फिरवते. पोळीचे तुकडे उशीखाली लपवते. रात्री उठून संस्थेतल्या मावशीच्या नावाने रडते. मी खोली सजवली, खेळणी आणली, तिच्यासाठी गाणी पाठ केली. तिला मी आईच वाटत नाहीये. मी करू तरी काय?"

ताई, तुमच्या हातात यशोदेचंच दावं आहे. खोली हे एक दावं, खेळणी दुसरं, गाणी तिसरं. सगळी जोडून झाली, तरी दोन बोटं उरलीच. याचा अर्थ तुमचं प्रेम तोकडं आहे असा नाही. शेवटची गाठ लेकराच्या हातात असते, एवढाच त्याचा अर्थ. भागवतात तर साक्षात परब्रह्म होतं, तेसुद्धा जबरदस्तीने बांधलं गेलं नाही!

आता तिच्या बाजूने बघू या. तीन वर्षांचं जग तिने एका विमानात गमावलंय. ओळखीचा वास, शेजारच्या खाटेवरची मुलं, वरणभाताची चव, दुपारचा आवाज, सगळं गेलं. ती मावशीसाठी रडते ही काळजीची गोष्ट वाटते, पण त्यात एक आनंदाची खूण आहे : या लेकराला माया लावता येते. जिला मावशीवर जीव लावता आला, तिला उद्या तुमच्यावरही लावता येईल. ते रडणं थांबवायची घाई करू नका. "तुला मावशीची आठवण येते ना?" एवढं मराठीत म्हणा आणि शेजारी बसून राहा. उशीखालच्या पोळीवरून रागावू नका. पुढचं जेवण मिळेल याची खात्री तिला अजून व्हायचीय. तिच्या हाताला येईल असा खाऊचा एक डबा कायम भरलेला ठेवा.

आणि थोडे दिवस घर शांत ठेवा. पाहुणे, पूजेचा मोठा समारंभ, सगळ्या आत्या-मावश्यांचे व्हिडिओ कॉल पुढे ढकला. भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं फक्त तुम्ही दोघांनी करा, आणि बाबांनी हळूहळू त्यातला घास तुमच्या हातात द्यावा. झोप, खाणं फारच बिघडलं तर डॉक्टरांना आणि तुमच्या सोशल वर्करला लगेच विचारा. नामस्मरण आणि डॉक्टर यांचं काही भांडण नाही.

कायद्यालाही हे नातं एका सहीत पुरं होत नाही हे ठाऊक आहे. भारतातून परदेशी गेलेल्या दत्तक मुलाचे अहवाल दोन वर्षं पाठवावे लागतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. कायदा दोन वर्षं धीर धरतो, मग आपण नवव्या दिवशी स्वतःला नापास का करायचं?

अजून एक आई आठवते, राधा. कर्णाची राधा. नदीतून वाहत आलेल्या पेटीत तिला बाळ मिळालं, अंगावर सोन्याचं कवच आणि कानांत कुंडलं. त्या दोघा नवरा-बायकोने ते लपवलं नाही. बाळ जे घेऊन आलं होतं त्यावरूनच नाव ठेवलं, वसुषेण, म्हणजे धन घेऊन आलेला. तुमच्या लेकीचंही एक कवच आहे : तिचं जुनं नाव, तिची भाषा, संस्थेतून आलेला तो विटका फ्रॉक. फ्रॉक इतक्यात धुऊ नका. त्याला तिच्या घराचा वास आहे.

पुढे उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचं खरं कूळ सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, तिला मी कसा सोडू? बघा हं, एवढा महारथी, पण राज्याच्या बदल्यात त्याने आठवली ती धुतलेली दुपटी! जन्म कुणी दिला हे त्याला ठाऊक होतं. आई कोण हे मात्र आधीच ठरलेलं होतं, रोजच्या हलक्या कामांतून.

यशोदेच्या घरचं बाळही मथुरेत जन्मलेलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. ताई, तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तुम्ही दावं हातात घेतलंय. तुमची परीक्षा यशोदेपेक्षा अवघड आहे, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

तेव्हा आजचा संकल्प. हा फक्त ताईंसाठी नाही, ज्याचं कुणाशी नातं जुळता जुळत नाहीये त्या प्रत्येकासाठी आहे. आपल्याला प्रेम परत मिळतंय का, हे आज मोजायचं नाही. आपल्या वाटचं एक बोट तेवढं पूर्ण करायचं. आणि हातात काठी असेल, रागाची, अपेक्षेची, तुलनेची, तर ती आधी खाली टाकायची. यशोदेनेही तेच आधी केलं होतं.

प्रार्थना : हे दामोदरा, माझ्या हातांना दमेपर्यंत काम दे. मी थकले तर तू बघत असशील, एवढा विश्वास दे. आणि तुझं बोट कधी द्यायचं, ते तूच ठरव.

राम कृष्ण हरी.