दातृत्व कीं दुर्बलता?

औंढा नागनाथ हें १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतलें, आतां हिंगोलींतलें क्षेत्र. त्याच्या परिसरांत गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ मध्यें मान्यता दिली. तेव्हां या मुलखांत गुरुत्वाकर्षणाविषयीं चार शब्द बोलणें अप्रस्तुत ठरूं नये.

२००७ सालीं दीर्घिकांचें वर्गीकरण करणाऱ्या हौशी निरीक्षकांना कांहीं हिरवट, वाटाण्यासारख्या वाटोळ्या दीर्घिका आढळल्या. आपल्या आकाशगंगेहून त्या पुष्कळच लहान. परंतु आकाशगंगेंत वर्षाकाठीं १-२ सूर्यांइतक्या द्रव्याचे तारे बनतात, तर त्यांच्यांत सरासरी १० सूर्यांइतक्या. त्यांतले थोर तारे कांहीं दशलक्ष वर्षांतच फुटतात आणि आपल्या उदरांत सिद्ध झालेला प्राणवायु अवकाशांत उधळतात. इतकें असूनहि या दीर्घिकांत प्राणवायूचें प्रमाण सूर्याच्या मानानें अवघें एक-पंचमांश! याचें एक कारण असें कीं, गुरुत्व तोकडें असल्यामुळें हें धन स्फोटांच्या झोताबरोबर बाहेर निघून जातें.

येथें आपलें कविमन तात्काळ उद्गारेल, 'केवढें हें दातृत्व!' मला हा मोह धोक्याचा वाटतो. राखण्याचें सामर्थ्य असतां सोडणें, याला दान म्हणतात. ज्याला राखतांच येत नाहीं, त्याचें जाणें ही केवळ हानि होय.

हाच न्याय भूमीवर लावून पाहावा. परभणीचा कोरडवाहू शेतकरी सोयाबीनची वा तुरीची रास होतांच माल आडतीवर नेतो. कारण कर्जाची मुदत आणि घरची चणचण त्याला भावाची वाट पाहूं देत नाहीं. पुढें भाव चढला तर तो लाभ दुसऱ्याच्या पदरीं पडतो. आपण मात्र त्याला 'अन्नदाता' म्हणून गौरवितों, आणि गौरव केला कीं ऋण फिटलें असें मानतों.

कोणी म्हणेल, दुसऱ्याचें पोट भरलें ना, मग हेतूची चिकित्सा कशाला? फळ खरेंच आहे. आपल्या श्वासांतला प्राणवायुहि कोण्या प्राचीन ताऱ्यांच्या मरणांतूनच आला. पण ताऱ्याला आपली हानि कळत नाहीं. माणसाला कळते, आणि ती पाहणाऱ्यालाहि कळते. म्हणून आकाशांत जी केवळ घटना, ती समाजांत अन्याय ठरते. शेतकऱ्याच्या हातीं गोदाम आणि मालाच्या तारणावर स्वस्त कर्ज येऊं द्यावें. मग तो स्वखुषीनें जें देईल, त्यालाच दान म्हणावें. तोंपर्यंत 'अन्नदाता' हा शब्द उच्चारतांना आपली जीभ थोडी अडखळावी, हेंच उचित.