वाकड्या केसांचा माणूस

माणसाच्या डोक्यात काय आहे हे कळायला वेळ लागतो, पण डोक्यावर काय आहे ते लगेच दिसतं, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. ती चुकीची होती हे मला गेल्या उन्हाळ्यात बँकेच्या काउंटरवर कळलं. पण त्या प्रसंगाकडे मी नंतर येतो. बँकेचा माणूस आहे. रांग मोडत नाही.

माझे केस कुरळे आहेत. एवढं साधं वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. इंझोरीला आमच्या घरी त्यांना कुरळे म्हणत नसत, वाकडे म्हणत. मुलाचं अक्षर, वागणं आणि केस या तिन्ही गोष्टी सरळ असल्या पाहिजेत, असा वडिलांचा आग्रह. अक्षर छड्यांनी सरळ झालं. वागणं बँकेत लागल्यावर नाइलाजाने सरळ झालं. केस तेवढे हट्टाला पेटून राहिले. रोज सकाळी वडील माझी मान गुडघ्यांत धरून वाटीभर खोबरेल डोक्यावर रिकामं करीत आणि बारीक दातांच्या फणीने भांग पाडीत. शाळेत निघताना माझं डोकं नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखं दिसे. प्रार्थना संपेपर्यंत एकेक केस उठून उभा राही, जणू राष्ट्रगीत त्यांनाच ऐकू येत होतं.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. आमचा मानोरा तालुका एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, पण माझा भांग डावीकडून उजवीकडे जाईना. आमचे केस कापणारे काका तर कात्री खाली ठेवून म्हणत, "लेका, तुह्या डोक्श्यावर पऱ्हाटी उभी हाय." त्यात आजीला माझ्या डोक्यात दोन भोवरे सापडले. "दोन लग्नं होतीन याचे," असं तिने जाहीर करून टाकलं. प्रत्यक्षात एकच झालं, आणि तेही फोटोत मी टोपी घातली होती म्हणून, असं आमची ही सांगते.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, वडील गेले. तरी फणी सुटली नाही. वडिलांची जागा मी स्वतःच घेतली. रोज सकाळी स्वतःची मान स्वतःच्याच गुडघ्यांत धरता येत नाही, एवढाच काय तो फरक.

आमची मुलगी नववीत आहे. तिने माझ्याकडून गणित घेतलं नाही, केस घेतले. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा. सकाळी हिला स्वयंपाकाची घाई, म्हणून वेण्यांचं खातं माझ्याकडे. मी तेल ओते, फणी चालवी, आणि कन्या रडे. "हल्ली हल्ली नाजूक झाली आहेत पोरं," असं मी म्हणे. हे वाक्य वडिलांचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

एक दिवस पोरीने डोळे पुसले आणि मला शिकवणीला बसवलं. सरळ केस आडवा कापला तर त्याचा छेद साधारण गोल असतो. कुरळ्याचा चपटा, लंबगोल. त्याचं मूळही त्वचेत वाकलेलं असतं. म्हणजे वळण केसाच्या टोकाला नसून जन्मस्थानातच आहे. फणीने ते जायचं नाही. टाळूवर जे नैसर्गिक तेल तयार होतं, ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत पोचतं. कुरळ्या केसावर त्याची लाल एसटी होते: दर वळणावर थांबा, आणि शेवटच्या गावाला गाडी पोचतच नाही. म्हणून कुरळे केस कोरडे राहतात, आणि कोरड्या केसांत बारीक फणी घातली की ते सुटत नाहीत, तुटतात. ते ओले असताना, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून वर वर सोडवत न्यायचे. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, चिकट थर तेवढा केसांवर बसतो.

"मग खोबरेल वाईट?" मी घाबरत विचारलं. वडिलांच्या आयुष्यभराच्या गुंतवणुकीचा प्रश्न होता.

खोबरेल निर्दोष सुटलं. 2003 साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमत नाही. संशोधक तेलाच्या कंपनीतले होते, म्हणून मी बँकेच्या सवयीने दुसरा जामीन मागितला, तो भाग वेगळा. एकूण, गुन्हेगार तेल नव्हतं. गुन्हेगार फणी होती, आणि फणी धरणारा हात.

तिने आणखी एक सांगितलं. अमेरिकेत आन्द्रे वॉकर नावाच्या केशरचनाकाराने केसांचे चार गट पाडले: सरळ, लहरी, कुरळे आणि अगदी घट्ट वेटोळ्यांचे. मी दचकलो. आमच्याकडेही कर्जाचे चारच गट असतात: उत्तम, दुय्यम, संशयास्पद आणि बुडीत. मी जन्मभर संशयास्पद गटात बसून उत्तमात बढती मिळावी म्हणून तेल ओतत होतो. वास्तविक केसांच्या यादीतले आकडे नुसते ओळखीसाठी आहेत, पण क्रमांक दिसला की त्यात पायरी शोधायची आपल्याला सवयच आहे.

आता काउंटरवरचा तो प्रसंग.

मे महिन्याची दुपार, पंखा गरम हवा ढवळतोय, आणि समोर साठीच्या एक बाई. निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. मी खात्यावरचा फोटो बघितला. फोटोत डोक्यावरून भलामोठा पदर, आणि पदराखाली गाठोडं असावं तसा उंचवटा. समोर मात्र बोटभर पांढरे, भुरभुरते केस.

"खातेदाराला घेऊन या, मावशी," मी म्हणालो.

"मीच हाय नं बापू."

अंगठा लावला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा यंत्राने होकार दिला. त्याच होत्या. मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मोठा ताप आला, महिना-दीड महिना अंथरूण. डोक्याला पाणी नाही, कंगवा नाही. उठल्या तेव्हा केस एकमेकांत घट्ट बसले होते. शेजारणी म्हणाल्या, देवीची जट आली, कात्री लावशील तर कोप होईल. मग धुणंही बंद झालं. ओझं वाढत गेलं, मान दुखू लागली, उताणं झोपता येईना. अखेर शहरात नर्सचं शिक्षण घेणारी भाची सुट्टीत आली, दोन दिवस समजावत बसली आणि तिसऱ्या दिवशी जट कापली.

"मग त्या रात्री काय झालं?" रांगेतल्या चौघांनी एकदमच विचारलं.

"झोप लागली," बाई म्हणाल्या. "अकरा वर्सानं उतानी झोपली."

पैसे मोजून पदराला बांधले, आणि जाता जाता माझ्या डोक्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "एवढं तेल काऊन वतता बापू? तुमाले कोन्या देवीचा भेव हाय?"

रांग हसली. मीही हसलो. पण संध्याकाळी कॅश जुळली तरी तो प्रश्न जुळेना.

केस वाढतात आपल्या डोक्यावर, पण त्यांची मालकी नेहमीच दुसऱ्या कोणाकडे असावी, असं दिसतं. नवरा मेला की बाईचे केस उतरवायचे, हे समाजाने ठरवलं होतं. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. वस्तऱ्यानेच वस्तऱ्याला नकार दिला. आज अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांना समजावून कात्रीने जट सोडवतात. एका काळी केस न कापणं ही सुटका होती, दुसऱ्या वेळी कापणं ही सुटका आहे. मग नीतीच्या पुस्तकात कात्री चांगली लिहावी की वाईट?

निसर्गाने दिलं ते तसंच ठेवावं, असं म्हणावं तर मावशींची जटही केसांना त्यांच्या मनासारखं राहू दिल्यानेच झाली. निसर्गाला वळण लावावं म्हणावं, तर तेच करता करता माझा निम्मा माल फणीत गेला. त्यांनी केस सोडवले नाहीत ते भीतीने. मी केस सोडले नाहीत तेही भीतीनेच. त्यांना देवीची भीती होती, मला एका गेलेल्या माणसाची. केस कसे आहेत हे दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. पाहिल्याशिवाय केलेली काळजी ही काळजी नसते, नुसती वसुली असते.

आमची ही केसांना रंग लावते. मी तिला हा सगळा सिद्धांत ऐकवला आणि विचारलं, तुला कोणाची भीती? ती म्हणाली, "मला आवडतं म्हणून लावते. घरात कोणी नसलं तरी लावीन." मी सिद्धांताला तिथेच दुरुस्ती जोडली. रंग लावणारा प्रत्येक जण भित्रा नसतो, विचारून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी मी कारंज्याहून रुंद दातांचे दोन कंगवे आणले. पोरीचे केस ओले करून टोकापासून सोडवायला बसलो. वेण्या दोनच घातल्या, पण सैल. पोर रडली नाही. मला मात्र उगाच वडिलांची आठवण आली. त्यांचेही केस कुरळे असतील का? मी त्यांना तेलाशिवाय कधी पाहिलंच नाही.

हल्ली मी ऑफिसात वाकड्या केसांनी जातो. परवा मॅनेजरसाहेब म्हणाले, ओळखपत्रावरचा फोटो जुळत नाही, बदलून घ्या. अर्ज लिहायला घेतला आहे. "बदलाचे कारण" या रकान्यात दीड इंच जागा आहे, आणि मी अजून तिथेच अडलो आहे.