मोडीचे सोने आणि न्याय्य मोल

जुना दागिना मोडीत काढताना त्याचा न्याय्य भाव कोणता? २२ कॅरेट म्हणजे शेकडा सुमारे ९१.६ भाग शुद्ध सोने. खडे आणि लाख यांचे वजन वगळणे रास्तच. आजीची आठवण तराजूत तोलता येत नाही. त्याचप्रमाणे विकणाऱ्याची नडही तोलली जाऊ नये. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रतिपादले की, ग्राहकाची निकड पाहून विक्रेत्याने किंमत वाढवू नये. ती निकड त्याच्या मालकीची नाही, मग तो ती विकणार कशी? हाच न्याय खरेदीदारालाही लागू पडतो. इस्पितळाच्या खर्चासाठी बांगड्या मोडणाऱ्या माउलीला कमी भाव देणारा तिच्या अगतिकतेवर नफा कमावतो. तिनेही आतली लाख लपवू नये. सचोटी दोन्ही पारड्यांत हवी.