उक्कोचा पेला आणि हेवी मेटल

फिनलंडमधले कोर्पिक्लानी, फिनट्रोल यांसारखे बँड एकॉर्डियन आणि फिडलवरच्या नाचाच्या चाली हेवी मेटलमध्ये मिसळतात आणि त्याच दमात रानातले जुने देव, ट्रोल यांना हाक मारतात. कोर्पिक्लानीच्या एका गाजलेल्या गाण्याचे नावच ‘व्होडका’ आहे. पूर्वजांची दैवते अशी दारूच्या पंगतीला बसवली, तर ती विटाळतात, हा आक्षेप सहज सुचतो. माझ्या मते त्याने भलत्याच ठिकाणी बोट ठेवले आहे.

फिनिश लेखी भाषेचा जनक मानला जाणारा धर्मसुधारक मिकाएल आग्रिकोला याने 1551 मध्ये बायबलमधील स्तोत्रांचा अनुवाद छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने हामे आणि कारेलिया प्रांतांतल्या जुन्या देवांची पद्यात यादी दिली. पेरणीच्या वेळी मेघदेव उक्कोच्या नावाने पेला फिरतो आणि बायाबापड्याही झिंगतात, अशी तक्रार त्यात आहे. म्हणजे नशा हा पूजेचाच भाग होता. ती पूजेबाहेर काढली चर्चने. पण म्हणून या बँडांत आदिम काळ ऐकू येतो असे मानणारे चाहतेही फसतात. फिनट्रोलने उचललेला हुम्प्पा हा नाच विसाव्या शतकातला. त्याचे नाव रूढ झाले ते 1950च्या दशकात, रेडिओमुळे. पोल्का मध्य युरोपातून आली. एकॉर्डियनचे पेटंट 1829 चे, व्हिएन्नातले. खरी प्राचीन आहेत ती आठ अक्षरी चरणांची रूनोगीते ही लोकगीते, पण ती मुख्यतः नाचासाठी नव्हती. हुम्प्पा मेटलमध्ये बेमालूम मुरतो याचे कारण साधे आहे: एकॉर्डियनचा खर्ज ठोक्यावर आणि सूरमेळ दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो; वेगवान मेटलमध्ये बास ड्रम आणि स्नेअर नेमके तेच करतात. त्यात देवाचा काही हात नाही.

यावर कोणी म्हणेल, उक्कोचा पेला पावसासाठी होता, इथे तिकीट काढून आलेली गर्दी आहे. श्रद्धाच नसेल तर उरतो तो पोशाख. हे बरेचसे खरे आहे. पण मग एलियास ल्यॉनरोट या डॉक्टरने गावोगावची गीते जोडून 1835 आणि 1849 मध्ये सिद्ध केलेल्या ‘कालेवाला’चे काय करायचे? त्याच्या शेवटी कुमारी मातेचा मुलगा कारेलियाचा राजा होतो आणि महाकाव्याचा वृद्ध गायक-नायक वैनामोइनेन आपले कांतेले हे तंतुवाद्य मागे ठेवून निघून जातो. जुना धर्म आणि ख्रिस्त गायकांच्या तोंडी आधीच एकत्र नांदत होते. निर्भेळ श्रद्धेची अट लावली, तर राष्ट्रीय महाकाव्यही नापास होईल.

मला अधिक बोचतो तो दुसरा आक्षेप, ऋणाचा. ‘कालेवाला’ची उत्तम गीते मिळाली ती विएना कारेलियात; हा भाग आज रशियात आहे आणि तिथल्या कारेलियन भाषेचे बोलणारे घटत चालले आहेत. हजारो ओळी मुखोद्गत असलेली इंग्रिया प्रांताची गायिका लारिन परास्के 1904 मध्ये दारिद्र्यात वारली. कोर्पिक्लानीचा गायक योन्ने यार्वेला पूर्वी शमान या बँडमध्ये उत्तरेकडच्या सामी या मूलनिवासी लोकांच्या भाषेत, त्यांच्या योइक या गायनप्रकाराच्या ढंगाने गात असे. सामी समजुतीप्रमाणे योइक गाणाऱ्याचा नसतो, ज्याच्यासाठी गायला त्याचा असतो. ‘परंपरा नेहमीच मिसळत आल्या आहेत’ हे उत्तर इथे अपुरे पडते, कारण ज्यांच्याकडून घेतले ती माणसे आजही आहेत आणि त्यांना विचारता येते. आक्षेप घ्यायचाच, तर तो व्होडकाच्या गाण्यावर नव्हे, न विचारता घेण्यावर घ्यावा.